प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (७ डिसेंबर १९१५ – २२ जुलै १९८२) हे भारतीय हृदय व रक्तवाहिनी शल्यविशारद होते. वैद्यकीय वर्तुळात ते डॉ. पी.के. सेन या नावाने ओळखले जातात. मुंबईच्या परळ भागातील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील पथकाने या रुग्णालयात भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. जगातील ते सहावे मानवी हृदयप्रत्यारोपण होते आणि असे प्रत्यारोपण करणारे सेन हे जगातील चौथे शल्यविशारद ठरले. रुग्ण काही तासांतच दगावला. भारतात हृदयप्रत्यारोपण यशस्वी होण्यासाठी त्यानंतर २६ वर्षे जावी लागली.

प्रत्यारोपणाखेरीज द्विदल झडपेवरील शस्त्रक्रिया, शरीर गारठवून केलेली हृदयशस्त्रक्रिया, महाधमनीच्या दाहजन्य विकाराचा अभ्यास आणि हृदयस्नायूला थेट रक्त पुरवण्याचा सर्पहृदयावर आधारलेला प्रयोग ही त्यांची महत्त्वाची कामे मानली जातात. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.

जीवन व शिक्षण

सेन यांचा जन्म कलकत्ता येथे एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. पदवी व पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यांनी याच संस्थेत शल्यचिकित्सक व अध्यापक म्हणून काम सुरू केले.

१९४९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. हृदयशस्त्रक्रियेच्या दृष्टीने तो काळ व ते शहर दोन्ही महत्त्वाचे होते. १९४८ च्या जून महिन्यात चार्ल्स बेली यांनी फिलाडेल्फियात व ड्वाइट हार्केन यांनी बॉस्टनमध्ये काही दिवसांच्या अंतराने अरुंद झालेली द्विदल झडप शस्त्रक्रियेने मोकळी केली होती. त्याच शहरात जॉन गिबन हे हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र तयार करण्यात गुंतले होते. हृदयाला हात लावू नये हा शल्यशास्त्रातील जुना संकेत या सुमारास मोडीत निघत होता. मायदेशी परतल्यावर सेन यांनी केईएम रुग्णालयात हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांना वाहिलेले पथक उभे केले.

केईएम रुग्णालयातील पार्श्वभूमी

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. ब्रिटिश राजवटीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. त्यामुळे नव्या महाविद्यालयात सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीय अध्यापकच नेमले जावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. संस्थेचा कारभार मुंबई महानगरपालिकेकडे होता आणि आजही आहे. भोवती गिरणगाव असल्याने गिरणी कामगार व त्यांची कुटुंबे हा तेथील रुग्णांचा मोठा वर्ग होता.

विशेष उपचारांसाठी कोकण, खानदेश, विदर्भ व मराठवाड्यातील रुग्णही मुंबईची वाट धरत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या प्रदेशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाईचे १९७४ मध्ये आणि नांदेडचे १९८८ मध्ये सुरू झाले. सेन यांनी कामास सुरुवात केली तेव्हा हृदयशस्त्रक्रियेची सोय देशातील मोजक्याच शहरांत होती. अशा परिस्थितीत, खासगी धनाचे पाठबळ नसलेल्या पालिका रुग्णालयात त्यांनी उपचारांच्या जोडीने प्रयोगशाळेतील संशोधनही चालवले. प्राण्यांवरील शस्त्रक्रियेसाठी प्रयोगशाळा, विकृतिशास्त्र विभागाशी सततचा संबंध आणि तरुण सहकाऱ्यांचे पथक ही त्यांच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये होती. डॉ. जी.बी. परुळकर, डॉ. शरद पांडे व विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस.जी. किनरे हे त्यांचे निकटचे सहकारी होते.

द्विदल झडपेवरील शस्त्रक्रिया

बालपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जीवाणूचा संसर्ग झाल्यानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ज्वर होतो. या ज्वरात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि हृदयाच्या झडपा सुजतात. पुढे त्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधील द्विदल झडप अशी अरुंद झाली की रक्त फुप्फुसांत तुंबते आणि रुग्णास चालताना, नंतर पडल्या जागीही धाप लागते. दाट वस्ती व अपुरे उपचार यांमुळे भारतात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळत असे आणि तरुण स्त्री-पुरुष त्याला बळी पडत.

सेन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ही झडप मोकळी करण्याची बंद शस्त्रक्रिया सुरू केली. अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या भारतातील आरंभीच्या शल्यविशारदांमध्ये त्यांची गणना होते. या पद्धतीत हृदय धडधडत असतानाच डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पुढे आलेल्या भागातून शल्यविशारद बोट आत घालतो आणि चिकटलेली झडपेची दले केवळ स्पर्शाच्या आधारे विलग करतो.

या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाइतकाच धोका रक्ताच्या गुठळीचा होता. झडप अरुंद असल्याने डाव्या अलिंदात रक्त साचून राहते. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर तेथे गुठळ्या धरतात. बोटाच्या धक्क्याने अशी एखादी गुठळी सुटली तर ती महाधमनीतून मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ शकतो. बोट घालण्यापूर्वी थोडे रक्त बाहेर वाहू देणे, तसेच त्या क्षणी मानेतील धमन्या दाबून धरणे, हे त्या काळी जगभर प्रचलित असलेले सावधगिरीचे उपाय होते. हृदय उघडून प्रत्यक्ष पाहता आल्याशिवाय हा धोका पुरता टळणार नव्हता.

गारठवून केलेली शस्त्रक्रिया व हृदय-फुप्फुस यंत्र

हृदयाच्या आतील दोष डोळ्यांनी पाहून दुरुस्त करण्यासाठी त्यातील रक्तप्रवाह थांबवावा लागतो. सामान्य तापमानात मेंदू रक्तावाचून जेमतेम तीन-चार मिनिटे तग धरतो. शरीर सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास प्राणवायूची गरज घटते आणि शल्यविशारदास आणखी काही मिनिटे मिळतात. या तत्त्वाचा उपयोग करून १९५२ मध्ये मिनेसोटा येथे एफ. जॉन लुईस यांनी दोन अलिंदांमधील जन्मजात छिद्र बंद केले. सेन यांच्या पथकानेही १९५० च्या दशकाच्या मध्यास गारठवण्याच्या पद्धतीने अलिंदांमधील छिद्र बुजवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. महागडी यंत्रे लागत नसल्याने ही पद्धत पालिका रुग्णालयास परवडणारी होती. तिचा वेळ मात्र फार अपुरा होता आणि गुंतागुंतीचे दोष तिच्या आवाक्याबाहेर राहिले.

मे १९५३ मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. या यंत्रात रुग्णाच्या नीलांमधील रक्त नळ्यांद्वारे बाहेर घेतले जाते, त्यात प्राणवायू मिसळला जातो आणि पंपाने ते पुन्हा धमनीत सोडले जाते. १९६० च्या दशकात या यंत्राचा वापर भारतात सुरू झाला. केईएममधील हृदयप्रत्यारोपणही त्याच्याच आधारे पार पडले.

हेपारिन, प्रतिपिंडे व गुठळ्यांचा धोका

हृदय-फुप्फुस यंत्राच्या वापरासाठी सामान्यतः हेपारिन हे औषध द्यावे लागते. रक्त शरीराबाहेरील कृत्रिम पृष्ठभागाला लागताच गोठू लागते. यंत्रातून परत जाणाऱ्या रक्तात गुठळ्या असतील तर त्या मेंदू, मूत्रपिंडे व इतर अवयवांच्या धमन्या बंद करतील. हेपारिन रक्त गोठण्याची क्रिया रोखते. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारा पदार्थ आढळला. तेथूनच हेपारिनच्या शोधास आरंभ झाला. यकृतावरून हॉवेल यांनी १९१८ मध्ये त्याला हेपारिन हे नाव दिले. टोरांटो व स्टॉकहोम येथील संशोधकांनी १९३० च्या दशकात ते माणसाला देता येईल इतके शुद्ध केले. शस्त्रक्रिया संपल्यावर माशांपासून मिळणाऱ्या प्रोटामीन या प्रथिनाने हेपारिनचा परिणाम नाहीसा करतात.

हे औषध काही रुग्णांमध्ये उलटा परिणाम घडवते, ही गोष्ट वैद्यकाच्या लक्षात हळूहळू आली. हेपारिन चालू असताना धमन्यांमध्ये गुठळ्या झालेल्या रुग्णांची नोंद अमेरिकेत वाइसमन व टोबिन यांनी १९५८ मध्ये केली. १९७३ मध्ये डोनाल्ड सिल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेचा संबंध प्रतिकारयंत्रणेशी जोडला. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट म्हणजेच बिंबाणूंमधून एक प्रथिन बाहेर पडते. हेपारिन त्याला चिकटले की तयार होणारी जोडी शरीराला परकी वाटते व तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात, असे १९९२ मध्ये फ्रान्समधील जाँ आमिराल यांच्या गटाने दाखवले. ही प्रतिपिंडे बिंबाणूंना उत्तेजित करतात. त्यामुळे रक्तातील बिंबाणूंची संख्या घटते आणि त्याच वेळी गुठळ्याही होतात. हा परिणाम बहुधा औषध सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांनी दिसतो.

हृदयशस्त्रक्रियेत हेपारिन मोठ्या मात्रेत द्यावे लागते व बिंबाणूही उत्तेजित झालेले असतात. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाव ते निम्म्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळतात. प्रत्यक्ष आजार मात्र साधारण १ ते ३ टक्के रुग्णांनाच होतो. केवळ प्रतिपिंडे सापडणे म्हणजे आजार नव्हे. बिंबाणूंची घट, तिची वेळ व गुठळीची लक्षणे यांचा एकत्रित विचार करून निदान केले जाते. निदानाची शंका दाट असल्यास हेपारिन पूर्णपणे थांबवून अर्गाट्रोबान किंवा बायव्हॅलिरुडिनसारखे दुसरे औषध देतात. सेन यांच्या पिढीने खुली हृदयशस्त्रक्रिया उभी केली तेव्हा यांपैकी बहुतांश ज्ञान उपलब्ध नव्हते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने अचानक उद्भवलेल्या गुठळीचे कारण मूळ आजारात किंवा तांत्रिक दोषात शोधले जाई.

सर्पहृदयाचा प्रयोग

हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो. या धमन्यांना पर्यायी मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया १९६० च्या दशकाच्या मध्यास रूढ झालेली नव्हती. सेन यांनी या प्रश्नाकडे तुलनात्मक शरीररचनेच्या अंगाने पाहिले. साप व इतर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूचा बराचसा भाग निलयाच्या पोकळीतील रक्तावर थेट पोसला जातो. त्यांच्या हृदयाची भिंत सच्छिद्र असते आणि रक्त तिच्यातील पोकळ्यांमध्ये शिरते. मानवी हृदयाच्या भिंतीला सुयांनी अनेक छिद्रे पाडली तर डाव्या निलयातील प्राणवायुयुक्त रक्त स्नायूत थेट पोहोचू शकेल, अशी सेन यांची कल्पना होती.

कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांच्या पथकाने हृदयाची धमनी बांधून या छिद्रांचा परिणाम तपासला. १९६५ मध्ये याविषयीचा शोधनिबंध अमेरिकेतील छातीच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सेन, किनरे व परुळकर यांच्यासमवेत त्याच्या लेखकांमध्ये तेहेमतोन उदवाडिया हेही होते. उदवाडिया पुढे भारतातील दुर्बिणीद्वारे पोटाच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते म्हणून ओळखले गेले. १९६८ मध्ये याच विषयावरील पुढील अभ्यास प्रसिद्ध झाला.

या कल्पनेपुढील मुख्य अडचण पुन्हा रक्त गोठण्याचीच होती. सुईने पडलेल्या बारीक मार्गांत गुठळी धरे आणि कालांतराने तेथे व्रणऊती वाढून ते बुजत. धमन्यांना पर्यायी मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया प्रस्थापित झाल्यावर हा प्रयोग मागे पडला. १९८० च्या दशकात अमेरिकेत महमूद मिर्होसेनी यांनी सुईऐवजी लेझर किरणांनी असे मार्ग पाडण्यास सुरुवात केली आणि १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली. लेझरने पाडलेले मार्गही दीर्घकाळ उघडे राहतात का, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. वेदना कमी होण्यामागे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची वाढ किंवा चेतातंतूंवरील परिणाम असावा असेही मानले जाते. या उपचाराच्या इतिहासात सेन यांच्या प्रयोगांचा आद्य प्रयत्नांपैकी एक म्हणून उल्लेख होतो.

महाधमनीच्या विकारांवरील संशोधन

महाधमनी व तिच्या मुख्य शाखांच्या भिंती सुजून त्या अरुंद होण्याचा एक विकार आशियातील तरुण व्यक्तींत, विशेषतः स्त्रियांत आढळतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये या विकारातील डोळ्यांच्या लक्षणांचे वर्णन केले होते. जपानमधील रुग्णांत हातांची नाडी न लागणे हे प्रमुख लक्षण होते. केईएममध्ये आलेल्या अनेक रुग्णांत महाधमनीचा छातीतील खालचा व पोटातील भाग अरुंद झालेला आढळे. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्याही त्यात सापडत आणि तरुण वयातच तीव्र रक्तदाब उद्भवे.

सेन, किनरे, परुळकर व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या रूपाचे वर्णन मध्य महाधमनी लक्षणसमूह या नावाने केले. ही संज्ञा पुढे जागतिक वैद्यकीय साहित्यात रूढ झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले नमुने व शवविच्छेदनातील निष्कर्ष यांची रुग्णाच्या लक्षणांशी सांगड घालणे, हे या अभ्यासाचे बलस्थान होते. १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सेन, किनरे व परुळकर यांच्यासह डॉ. एम.डी. केळकर यांचा समावेश होता.

हृदयप्रत्यारोपण

पूर्वतयारी

सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमीर देमिखोव्ह यांनी १९४० व १९५० च्या दशकांत कुत्र्यांवर हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाचे प्रयोग केले होते. सेन यांच्यावर या कामाचा प्रभाव होता. अमेरिकेत रिचर्ड लोअर व नॉर्मन शमवे यांनी १९६० मध्ये कुत्र्यांमध्ये हृदय बदलण्याची सुटसुटीत पद्धत मांडली. केईएमच्या प्रयोगशाळेत सेन यांच्या पथकाने कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणाचे १०० प्रयोग केले व त्यांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या मानवी प्रत्यारोपणाच्या दोन वर्षे आधीची ही घटना आहे. त्यामुळे १९६८ मधील शस्त्रक्रिया केवळ अनुकरणातून घडली नव्हती, हे स्पष्ट होते.

३ डिसेंबर १९६७ रोजी क्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊन येथे जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर न्यू यॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी दोन, बर्नार्ड यांनी आणखी एक व स्टॅनफर्ड येथे शमवे यांनी एक प्रत्यारोपण केले.

फेब्रुवारी १९६८ मधील शस्त्रक्रिया

सेन यांच्या पथकाने केईएम रुग्णालयात पहिले प्रत्यारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. रुग्ण हृदयस्नायूच्या असाध्य विकाराने जर्जर झालेला तरुण होता. हृदय अपघातात डोक्याला प्राणघातक इजा झालेल्या एका तरुणीचे होते. नवे हृदय जोडल्यावर धडधडू लागले. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन तासांनी रुग्णाचा मृत्यू झाला. ब्रिटन, फ्रान्स व जपान या देशांतील पहिली हृदयप्रत्यारोपणे त्याच वर्षी, पण या शस्त्रक्रियेनंतर झाली.

मृत्यूचे कारण प्रामुख्याने फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या वाढलेल्या प्रतिरोधात सापडते. डावे निलय दीर्घकाळ दुर्बळ राहिल्यास फुप्फुसांत रक्त तुंबते, तेथील लहान धमन्या जाड होतात आणि त्यांतून रक्त ढकलण्यास अधिक दाब लागतो. रुग्णाचे स्वतःचे उजवे निलय या वाढत्या भाराला वर्षानुवर्षे सरावलेले असते. निरोगी दात्याच्या हृदयाचे उजवे निलय मात्र कमी दाबावर काम करत आलेले असते. ते अचानक उच्च दाबाला सामोरे गेले की फुगते व थकते. टाके निर्दोष असले आणि शरीराने परक्या अवयवाला नाकारण्याची प्रक्रिया सुरूही झालेली नसली, तरी नवे हृदय त्यामुळे बंद पडू शकते. आज प्रत्यारोपणापूर्वी नळी घालून हा प्रतिरोध मोजणे बंधनकारक मानले जाते आणि तो फार वाढलेला असल्यास केवळ हृदयाचे प्रत्यारोपण केले जात नाही. १९६८ मध्ये ही मर्यादा जगभरातील पथकांना अनुभवातून उमगत होती.

सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांच्या पथकाने दुसरे प्रत्यारोपण केले. त्या रुग्णाचाही शस्त्रक्रियेनंतर एका दिवसाच्या आत मृत्यू झाला. त्यानंतर केईएममधील हा कार्यक्रम थांबला.

कायदा व नैतिक प्रश्न

हृदय दान करणाऱ्या व्यक्तीला नेमके केव्हा मृत समजावे, हा त्या वेळी जगभर वादाचा विषय होता. हृदय थांबण्याची वाट पाहिल्यास त्याच्या स्नायूला इजा होते. ते धडधडत असताना काढल्यास प्रचलित व्याख्येनुसार जिवंत व्यक्तीचे हृदय काढल्यासारखे होते. मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा मृत्यूचा निकष हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने ऑगस्ट १९६८ मध्ये मांडला. म्हणजे केईएममधील पहिली शस्त्रक्रिया या निकषाच्या आधीची आहे. भारतीय कायद्यात मेंदूमृत्यूला कोणतेही स्थान नव्हते. त्यामुळे दात्याचे कुटुंब, रुग्ण व डॉक्टर या तिघांनाही कायद्याचे संरक्षण नव्हते.

नंतरचा कालखंड

१९६८ या एका वर्षात जगात सुमारे शंभर हृदयप्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले, कारण शरीर परके हृदय नाकारत असे आणि ही प्रतिक्रिया दडपणारी तत्कालीन औषधे जंतुसंसर्गाला वाट मोकळी करून देत. १९७० च्या दशकात बहुतांश केंद्रांनी प्रत्यारोपण बंद केले. सायक्लोस्पोरीन हे औषध १९८० च्या दशकाच्या प्रारंभी वापरात आल्यावर परिस्थिती पालटली. सेन यांचे निधन २२ जुलै १९८२ रोजी, म्हणजे याच संक्रमणकाळात झाले.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकाने भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईत मात्र त्यासाठी आणखी दोन दशके लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील दात्याचे हृदय विमानाने मुंबईस आणून मुलुंड येथील रुग्णालयात त्याचे प्रत्यारोपण करण्यात आले. सेन यांच्या शस्त्रक्रियांनंतर ४७ वर्षांनी शहरात झालेले हे हृदयप्रत्यारोपण होते.

मूल्यमापन

सेन यांच्या कार्याविषयी दोन प्रकारची मते आढळतात. एका मतानुसार, औषधे, अतिदक्षता व्यवस्था व कायदा यांपैकी काहीही सिद्ध नसताना पालिका रुग्णालयात हृदयप्रत्यारोपणाचे धाडस घाईचे होते. त्याच काळात ऱ्हुमॅटिक ज्वराचे हजारो रुग्ण तुलनेने साध्या शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत होते, याकडेही लक्ष वेधले जाते. दुसऱ्या मतानुसार, शंभर प्रायोगिक शस्त्रक्रियांनंतर उचललेले हे पाऊल त्या वेळच्या शास्त्रीय निकषांनुसार सज्ज होते आणि त्यातील अपयश जगातील इतर केंद्रांच्या अपयशापेक्षा वेगळे नव्हते. झडपेच्या शस्त्रक्रिया हेच या पथकाचे नित्याचे काम होते व प्रत्यारोपणामुळे ते थांबले नाही, असेही या बाजूने सांगितले जाते.

त्यांच्या कामातील मर्यादा बहुतांशी शरीरक्रियेच्या होत्या. सुईने पाडलेल्या मार्गांत धरणारी गुठळी, अलिंदातून सुटणारी गुठळी, फुप्फुसांतील वाढलेला दाब आणि परक्या पदार्थाविरुद्ध उभी राहणारी प्रतिकारयंत्रणा यांची उकल पुढील पिढ्यांतील रक्तशास्त्र व प्रतिकारशास्त्राने केली. प्रत्यारोपणाने त्यांचे नाव सर्वदूर झाले असले, तरी महाधमनीच्या विकारांवरील त्यांचे संशोधन वैद्यकीय साहित्यात अधिक टिकाऊ ठरले आहे. त्यांनी केईएममध्ये उभ्या केलेल्या पथकातील सहकाऱ्यांनी मुंबईत हृदयशस्त्रक्रियेचा पुढे विस्तार केला.

पुरस्कार

पद्मभूषण, भारत सरकार (१९६९)